रूपलीबाईची सुरगाठ

प्रकाशा गावच्या घाटावर कुणालाही विचारा, रूपलीबाई भोईण कोण, तर तो आधी इकडेतिकडे पाहील आणि मग आवाज खाली आणून सांगेल, "तीच ना, जिनं लेकरू होडीला बांधून बुडवलं." असं बोलणाऱ्याच्या थोबाडीत द्यावी असं मला फार वाटतं. पण तो हक्क मला नाही. का नाही, ते सांगायलाच हे लिहायला बसलो आहे. ते लेकरू माझं होतं. माझ्या मुलाची मुलगी, हेमांगी. वय दोन वर्षं दोन महिने.

मी सुकलाल पाटील. आमचं गाव तापीकाठचं, प्रकाशापासून सात किलोमीटर. गुजर माणूस, केळी आणि ऊस करतो. घरात आम्ही गुजरी बोलतो, बाहेर अहिराणी, आणि ग्रामपंचायतीचे अर्ज लिहून लिहून कागदावरचं मराठीही जमायला लागलं. म्हणून घरातलं बोलणंही मी इथे मराठीतच लिहितो आहे. मला राग लवकर येतो आणि उशिरा जातो, हे गावाला ठाऊक आहे. माझ्याबद्दल एवढं पुरे.

रूपलीबाईचं वय आता पंचावन्नच्या आसपास असेल. माहेरही नदीवरचं आणि सासरही. सोळाव्या वर्षी धुडकू भोयाच्या घरी आली. नवरा जाळं टाकायचा आणि ही होडीच्या नाळेवर, पुढच्या टोकाला, बसून बांबू मारायची. चार पोरं झाली. घरी सांभाळायला कुणी नाही, म्हणून चारही होडीतच वाढली. सासूनं तिला एक गोष्ट शिकवली होती. जुन्या लुगड्याची हातभर रुंद पट्टी फाडायची, पोराच्या कमरेला गुंडाळायची आणि दुसरं टोक होडीच्या आडव्या फळीला बांधायचं. बांधायचं ते सुरगाठीनं. शेव, म्हणजे गाठीबाहेर सोडलेलं टोक, ओढला की गाठ मोकळी. भोयांच्या बायका असंच करत आल्या. रूपलीबाईचं एकही पोर पाण्यात गेलं नाही, आणि तिला याचा अभिमान होता. का नसावा?

पुढे बॅरेज झालं, पाणी बारमाही तुंबलं, मासे कमी झाले आणि भाविक वाढले. काशी करून आलेला माणूस प्रकाशाला येतोच. कुणी अस्थी घेऊन येतं, कुणी पूजेला, आणि आलेला माणूस होडीत बसल्याशिवाय जात नाही. धुडकूनं होडीला डिझेलचं इंजिन लावलं. रूपलीबाई पुढे बसायची आणि होडीत तान्हं लेकरू असेल तर पहिल्यांदा हात पुढे करायची. लेकरंही तिच्याकडे बिनतक्रार जायची. आमच्या कडेवर किंचाळणारं पोर तिच्या मांडीवर जाऊन तिच्या नथीशी खेळायला लागे. मग पट्टी निघायची. पट्टी बांधून झाली की शेव आईच्या हातात द्यायची आणि तीनदा ओढायला लावायची. आईनं तीनदा गाठ सोडून दाखवल्याशिवाय धुडकूला इंजिन चालू करायची परवानगी नसे. घाटावरचे लोक हसायचे, "रूपलीबाईनी शाळा भरनी!" म्हणायचे. ती हसण्यावारी नेत नसे.

त्या दिवाळीला हेमकांत, माझा मुलगा, सुरतेहून आला होता. तिथे तो कापडाच्या कारखान्यात डिझाइनचं काम करतो. त्याच्या साहेबानं म्हणे गोव्याला क्रूझ केली होती आणि मोबाइलवर फोटो टाकले होते. झालं, आमच्या चिरंजिवांनी जाहीर केलं, आपणही फॅमिली क्रूझ करायची. तापीतली. तीन दिवस, रोज एक सफर. पहिल्या दिवशी संगम, दुसऱ्या दिवशी पलीकडच्या तीराचं देऊळ, तिसऱ्या दिवशी वर जिथवर जाता येईल तिथवर, आणि जेवण बरोबर बांधून. मी म्हटलं, ज्या नदीत आपण म्हशी धुतल्या तिच्यात क्रूझ कसली? पण माझी बायको सिंधुबाई मला गप्प बस म्हणाली. वर्षातून आठ दिवस नात भेटते, तिला घेऊन कुठेही बसायला ती तयार होती. खरं सांगायचं तर मीही होतो.

म्हणून धुडकूची होडी तीन दिवसांसाठी ठरवली. हेमकांत, त्याची बायको कामिनी, हेमांगी, मी आणि सिंधुबाई. शिवाय धुडकू नि रूपलीबाई.

पहिल्या दिवशी रूपलीबाईनं कामिनीची शाळा घेतली. कामिनी सुरतेत वाढलेली, पाण्याला भिणारी. रूपलीबाईनं शेव तिच्या हातात दिला.

"धर बेन. वढ."

कामिनीनं ओढला. गाठ सुटली. रूपलीबाईनं परत बांधली.

"आखो वढ. हातले याद ऱ्हावाले जोये, डोकाले नई. पानीमा डोकं काम करत नई."

तीनदा झालं, आणि चौथ्यांदा कामिनीनं स्वतः गाठ मारून दाखवली. रूपलीबाई खूश झाली. संगमावर हेमांगीनं आपली एक चप्पल पाण्यात सोडली आणि ती वाहत गेलेली पाहून टाळ्या पिटल्या. सिंधुबाईनं दुसरी चप्पलही टाकायला लावली, म्हणाली, एकीचं काय करायचं घरी? त्या दिवशी आम्ही सगळे फार हसलो. मला तो दिवस आठवायला नको वाटतो, तरी सगळ्यांत जास्त तोच आठवतो.

दुसऱ्या दिवशी हेमांगीला शेवाचा शोध लागला. आई ओढते तर आपणही ओढावं. ओढलं, गाठ सुटली, आणि पोरगी उभी राहून नाचायला लागली. रूपलीबाईनं हसत तिला मांडीवर ओढून पुन्हा बांधलं. पोरीनं पुन्हा सोडलं. तिला तो खेळच झाला. पण माझं डोकं तापलं.

"रूपलीबाई, दोन वरीसनी पोर सोडी लेस, ती गाठ कसानी?"

"सुटस म्हनीसन तर ती बांधस, दादा," ती म्हणाली. "न सुटे ती गाठ नदीमा कामनी नई. पोरवर नजर ठेवाले आपन शेत ना."

मला पटलं नाही. मी चाळीस वर्षं बैल बांधले. माझ्या हातच्या दाव्यातून एकही बैल कधी सुटला नाही. पोळ्याला गावातली पोरं आडदांड बैल माझ्याकडे आणायची, "सुकलालबापू, तुम्हीच बांधा" म्हणून. आणि ही भोईण मला गाठ शिकवणार! हा विचार माझ्या मनात आला, आणि तो जसा आला तसाच मी इथे लिहिला आहे.

तिसऱ्या दिवशी आम्ही वर निघालो. दहा-साडेदहाची वेळ असेल. रूपलीबाईनं पट्टी बांधली, कामिनीकडून तीनदा ओढून घेतलं आणि नाळेवर जाऊन बांबू धरून बसली, कारण पुढे पाणी उथळ होतं. कामिनी सिंधुबाईला पुऱ्या वाढायला मदत करायला वळली. हेमांगीनं शेव ओढला आणि गाठ सुटली. ती काठाशी गेली. मी तिचा फ्रॉक धरून मागे ओढलं, खाली बसवलं, पट्टी फळीला रूपलीबाईसारखीच बांधली आणि तिच्यावर एक निरगाठ मारली. बैलाची. ओढली की आवळते ती. शेव वर मोकळा दिसेल असा ठेवला, म्हणजे कुणी काही बोलायला नको. हेमांगीनं ओढून पाहिलं. सुटेना. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि भोकाड पसरलं. मी तिला पुरी दिली. मी कुणालाही काही सांगितलं नाही. मला वाटलं, आता पोर नीट बसेल.

अर्ध्या तासानं होडी बुडालेल्या बाभळीवर चढली. बॅरेजच्या पाण्याखाली जुन्या शेतांच्या बांधांवरची झाडं तशीच उभी आहेत. पाणी कमी-जास्त झालं की कुठलं खोड कुठे येईल सांगता येत नाही. खालून धक्का बसला, होडी एका बाजूला उचलली गेली आणि आम्ही सगळे घाबरून दुसऱ्या बाजूला गेलो. धुडकू ओरडत होता, "बठा! खाले बठा!" कुणीही बसलं नाही. होडी उलटली.

पाणी दीड पुरुष होतं. हेमकांत पोहणारा, त्यानं आईला धरलं. मला धुडकूनं होडीच्या पाठीवर ओढून घेतलं. कामिनी होडीखालीच होती. ती बाहेर आली तेव्हा फक्त ओढल्यासारखा हात करत होती. तिनं शेव ओढला होता. बुडता बुडताही तिच्या हाताला याद होती. पण गाठ सुटली नाही.

रूपलीबाई तीनदा खाली गेली. दोनदा रिकामी वर आली. तिसऱ्यांदा धुडकूनं तिच्या हातात जाळं कापायची सुरी दिली, आणि ती हेमांगीला घेऊन वर आली. किती वेळ गेला होता ते मी सांगणार नाही. मला माहीत आहे, पण मी लिहिणार नाही.

दुसऱ्या होड्या आल्या. काठावर कुणाची तरी गाडी होती, तिच्यात हेमकांत आणि कामिनी पोरीला घेऊन दवाखान्यात गेले. आम्हाला काठावरच कळलं होतं, तरी ते गेले. सिंधुबाई शुद्धीवर नव्हती. मी तिच्याजवळ थांबलो. भोयांनी होडी ओढून सरळ केली आणि फळीला अडकलेला पट्टीचा कापलेला तुकडा मला दिसला. खाली सुरगाठ, ती बांधायची तशी, आणि वर माझी निरगाठ, भिजून दगड झालेली. रूपलीबाईनंही ती पाहिली. भोयांमध्ये असली गाठ कुणी मारत नाही. तिनं मान वळवून एकदा माझ्याकडे पाहिलं. मग सगळ्यांकडे पाठ करून होडीत बसली आणि ती गाठ दातांनी सोडू लागली. बराच वेळ लागला. तिच्या ओठातून रक्त आलं. पोलीस आले तेव्हा तिच्या हातात नुसतं फडकं होतं.

"पट्टी कापलेली का?" हवालदारानं विचारलं.

"सुटनी नई म्हनीसन कापी."

"बांधली कुणी होती?"

"मी. मन्हीच गाठ आज चुकनी."

मी चार पावलांवर होतो. मी बोललो नाही. दुःखानं वाचा गेली होती असं लोकांना वाटलं आणि मीही तसं वाटू दिलं. वाचा गेली नव्हती. मी भ्यालो होतो.

गुन्हा धुडकूवर दाखल झाला. होडी घाटाच्या कडेला पालथी पडली आणि अजून तशीच आहे, आता तिच्याखाली कुत्री वितात. धुडकू थोरल्या मुलाकडे सुरतेला गेला, एका इमारतीवर वॉचमन झाला. रूपलीबाई गेली नाही. ती लोकांच्या शेतात कापूस वेचू लागली. तेराव्याला ती आमच्या दाराशी आली होती. कामिनी तिच्या अंगावर धावून गेली. "माझ्याकडून तीनदा ओढून घेतलंस ना? मग काय बांधलंस?" असं ओरडत ती तिच्या तोंडावर थुंकली. रूपलीबाईनं तोंड पुसलं नाही. मी ओसरीवर बसलो होतो.

घाटावर बाया आपली पोरं तिच्यापासून ओढून घेऊ लागल्या. पूर्वी जी तिच्या मांडीवर पोर टाकून दर्शनाला जात, त्याच. एकदा एक लहानगं आपणहून तिच्याकडे चालत गेलं, तर त्याच्या आजीनं त्याला पाठीत धपाटा घालून परत नेलं. मी हे डोळ्यांनी पाहिलं. मी घाटावर जात असे, रोज नाही, पण जात असे. एकदा गव्हाचं पोतं घेऊन तिच्या घरी गेलो.

"लई जा दादा. मी मांगं नई," ती म्हणाली.

"रूपलीबाई, मी सांगी देसू. बठासले सांगी देसू."

तिनं हातातली कापसाची बोंडं खाली ठेवली. "कोनले सांगशात? तिना माय ले? ती तुमना हातनं पानी बी पिवाव नई. तुमना पोऱ्या तुमनं तोंड देखाव नई. मग तुमनी म्हातारीनं काय? एक गयी ती गयी, दादा. आते चूप बठा."

मला तेच ऐकायचं होतं. पोतं उचलून मी घरी आलो आणि गप्प बसलो. तिनं ते माझ्या घरासाठी म्हटलं होतं, आणि मी ते माझ्यासाठी वापरलं. तिकडे कामिनी सुरतेत झोपेत उजवा हात ओढत उठायची, हेमकांत फोनवर सांगायचा. आपण नीट ओढलं नाही की गाठच चुकीची होती, हे तिला ठरवता येत नव्हतं. दिवसा ती रूपलीबाईला शिव्या द्यायची आणि रात्री स्वतःला. मी फोन सिंधुबाईकडे देत असे.

पंधरा महिन्यांनी कामिनीला मुलगा झाला. बाराव्या दिवशी बारसं आमच्या घरी. आमच्यात मुलाचा पहिला करदोडा आजोबांनी बांधायचा. काळा दोरा ताटात, बाळ पाटावर दुपट्यात, चाळीसेक माणसं अंगणात. सिंधुबाईनं दोरा माझ्या हातात दिला. मी तो त्या एवढ्याशा कमरेभोवती फिरवला. दोन टोकं हातात आली आणि माझे हात आपसूक निरगाठ मारायला लागले. त्यांना चाळीस वर्षांची तीच सवय होती. मी थांबलो. बायकांनी हसून म्हटलं, बापू गाठ मारायला विसरले. मी दोरा सोडला आणि म्हणालो, "हेमीची गाठ मी मारली होती."

कुणाला कळलं नाही. म्हणून मी सगळं सांगितलं, पुरीपर्यंत. सिंधुबाई मध्येच "काय बोलताय हे" म्हणत राहिली. हेमकांत उठून दाराबाहेर गेला. कामिनी माझ्याकडे पाहत होती.

"म्हणजे मी ओढलं होतं," ती म्हणाली. "मी बरोबर ओढलं होतं."

"हो, पोरी."

"सव्वा वर्ष, बापू? सव्वा वर्ष तुम्ही मला सांगितलं नाही?"

तिनं मी सोडलेला दोरा उचलला, बाळाच्या कमरेला स्वतः बांधला आणि शेव ओढून पाहिला. गाठ मोकळी झाली. पुन्हा बांधला. तीनदा. मग बाळाला घेऊन आत गेली आणि त्या दिवसापासून ती माझ्याशी बोललेली नाही. हेमकांत कामापुरतं बोलतो. रूपलीबाईनं सांगितलं होतं तसंच सगळं झालं, पाणीसुद्धा मी आता स्वतःच्या हातानं घेतो.

मी पोलिसांकडे गेलो. तिथे म्हणाले, गुन्हा होडीत लाइफ जॅकेटं नव्हती याचा आहे, गाठ कुणाची याचा नाही. घरी जा, आराम करा. मग मी घाटावर गेलो. नारळवाल्याला सांगितलं, फुलवालीला सांगितलं, भोयांच्या पारावर उभा राहून सांगितलं. लोकांनी माना हलवल्या. पाठ वळताच म्हणाले, नातीच्या दुःखानं म्हातारा खुळावला. एकजण तर म्हणाला, केस मागे घ्यायला भोयांनीच त्याला पढवलं. खरं बोलायलासुद्धा वेळ असते, आणि मी ती घालवली होती.

सव्वा महिना झाल्यावर कामिनीनं बाळाला प्रकाशाला न्यायचं ठरवलं. गाडीत मी मागे बसलो होतो, कुणी बस म्हटलं नव्हतं. रूपलीबाई घाटाच्या पायऱ्यांवर दुसऱ्या कुणाचं जाळं सांधत होती. कामिनी पायऱ्या उतरली, तिच्या पायांशी वाकली आणि सगळ्या बायकांच्या देखत बाळ तिच्यापुढे धरलं. घाटावरची माणसं थांबली होती. मला वाटलं, आता घेईल. एकदा तिनं घेतलं की या लोकांची तोंडं बंद होतील.

रूपलीबाईनं बाळाकडे मनसोक्त पाहिलं. करदोड्याची गाठ पाहिली. तिचे डोळे भरले. मग तिनं दोन्ही हात पदराखाली घातले.

"नको बेन."

"मावशी, मला सगळं कळलंय. गाठ तुमची नव्हती."

"माले ठावकी शे, बेन. पन इतला दिन मी सांगत उनू ना, मन्ही गाठ चुकनी, मन्ही गाठ चुकनी. आते डोकाले खरं माहीत शे, पन हातले नई. ह्या हात आते पोऱ्या धरावत नईत."

कामिनी तशीच उभी राहिली, बाळ पुढे धरून. बाळ जागं झालं आणि रडायला लागलं. रूपलीबाईनं पदराखालचे हात काढले नाहीत. तिनं माझ्याकडे पाहिलं, त्या दिवशी होडीतून पाहिलं होतं तसं, आणि म्हणाली, "दादा, पोऱ्या उनमा शे. त्याले सावलीमा लई जा."

मी हात पुढे केले. कामिनीनं बाळ मला दिलं नाही. तिनं त्याला छातीशी घेतलं आणि ती पायऱ्या चढून गेली.